८६,४१,९७,५३२ : नऊ अंकांच्या एका संख्येविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मुर्डी, आंजर्ले, हर्णे या दापोली तालुक्याच्या किनारपट्टीवर शाळकरी मुलं आणि मे महिन्यात गावी येणारे चाकरमानी यांच्यासोबत मी गणित करत बसतो. त्या बैठकांत एक संख्या पुन्हा पुन्हा समोर येते आणि तिच्याबद्दल तेच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारले जातात. त्यांची उत्तरं इथे एकत्र लिहिली आहेत. यातली जवळपास प्रत्येक गोष्ट वही-पेन्सिलीने पडताळता येते, आणि तशी ती पडताळावी असा माझा आग्रह आहे. "काय चमत्कार आहे!" म्हणून पुढे जाऊ नका. या संख्येच्या प्रत्येक चमत्कारामागे कारण आहे आणि ते शाळेतल्या वजाबाकी-गुणाकारातच सापडतं.

ही संख्या वाचायची कशी?

शहाऐंशी कोटी एक्केचाळीस लाख सत्त्याण्णव हजार पाचशे बत्तीस. १ ते ९ हे नऊही अंक तिच्यात एकेकदाच येतात. शून्य नाही.

तिच्यात एवढं विशेष काय आहे?

तिचे अंक मोठ्याकडून लहानाकडे मांडा: ९८७६५४३२१. मग लहानाकडून मोठ्याकडे: १२३४५६७८९. पहिलीतून दुसरी वजा करा.

९८७६५४३२१ − १२३४५६७८९ = ८६४१९७५३२

म्हणजे संख्या स्वतःकडेच परत आली. आता यातली पुढची गोष्ट बघा. १ ते ९ हे अंक एकेकदा वापरून केलेली कोणतीही संख्या घेतली तरी तिचा उतरता आणि चढता क्रम हाच असणार, म्हणून उत्तरही हेच येणार. असे क्रम ९ × ८ × ७ × … × १ = ३,६२,८८० आहेत. तेवढ्या सगळ्या संख्या एकाच वजाबाकीत ८६,४१,९७,५३२ वर येऊन थांबतात.

मुलांना हे पत्त्यांवर दाखवणं सोपं जातं. एकाच रंगाची एक्क्यापासून नव्वीपर्यंतची पानं पिसा, ओळीत लावा, वजाबाकी करा. ज्यांच्या घरी सावंतवाडीचा दशावतारी गंजिफा असेल त्यांनी तो घ्यावा. त्यात दहा रंग आणि प्रत्येक रंगात राजा, प्रधान आणि एक ते दहा चिन्हांची पानं, अशी १२० पानं असतात. त्यातल्या एका रंगाची पहिली नऊ पानं पुरतात.

ही कल्पना कुणाची?

अंक उतरत्या आणि चढत्या क्रमाने लावून वजाबाकी करत राहायची ही रीत दत्तात्रेय रामचंद्र काप्रेकर यांची. त्यांचा जन्म १७ जानेवारी १९०५ रोजी डहाणूला झाला, म्हणजे आपल्याच किनाऱ्याच्या उत्तर टोकाला. शाळा ठाण्यात, कॉलेज पुण्याच्या फर्ग्युसनमध्ये, १९२९ साली मुंबई विद्यापीठाची बी.एस्सी. पुढे १९३० ते १९६२ ते देवळालीला शाळेत शिक्षक होते. १९४९ साली मद्रासच्या गणित परिषदेत त्यांनी ६१७४ या संख्येचा गुणधर्म मांडला. सगळे अंक सारखे नसलेली कोणतीही चार अंकी संख्या घ्या, ही रीत करत राहा, जास्तीत जास्त सात पायऱ्यांत ६१७४ येते आणि मग तिथून हलत नाही. पदव्युत्तर पदवी नसलेल्या या शाळामास्तरांच्या कामाकडे आपल्याकडच्या अनेकांनी बराच काळ गंभीरपणे पाहिलं नाही, याचं मला वाईट वाटतं. १९७५ साली मार्टिन गार्डनर यांनी 'सायंटिफिक अमेरिकन'मध्ये त्यांच्याविषयी लिहिलं आणि मग जगभर नाव झालं. १९८६ साली ते गेले.

आमच्या भागातल्या मुलांना आणखी एक धागा जवळचा वाटतो. काप्रेकरांना १९२७ साली जे गणिताचं पारितोषिक मिळालं, ते रँग्लर परांजपे यांच्या नावाचं होतं. रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे १८७६ साली इथेच मुर्डीला जन्मले आणि १८९९ साली केंब्रिजला सीनियर रँग्लर, म्हणजे तिथल्या गणिताच्या परीक्षेत पहिले, झाले. तो मान मिळवणारे ते पहिले भारतीय. डहाणू आणि मुर्डी ही दोन गावं गणिताच्या नकाशावर अशी जोडलेली आहेत.

पण वजाबाकीचं उत्तर नेमकं तेच का येतं?

सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न हाच आहे, म्हणून इथे सावकाश जाऊ. वजाबाकी उभी मांडा, वर ९८७६५४३२१ आणि खाली १२३४५६७८९. डावीकडून एकेक रकाना पाहिला तर फरक असे आहेत: ८, ६, ४, २, मग मधे ०, आणि पुढे तेच उणे होऊन: −२, −४, −६, −८. वरची ओळ उलटी केली की खालची होते, म्हणून हे फरक आरशातल्यासारखे येणारच.

आता उजवीकडून हातचे घेत जाऊ. एककात १ मधून ९ जात नाहीत, हातचा घेतला, ११ − ९ = २. दशकात हातचा दिल्यावर १ उरला, पुन्हा हातचा घ्यावा लागला, ११ − ८ = ३. शतकात १२ − ७ = ५. हजारात १३ − ६ = ७. मधल्या रकान्यात ५ मधून ५ वजा करायचे होते, पण हातचा आधीच गेलेला, म्हणून १४ − ५ = ९. त्याच्या डावीकडे हातचा दिल्यामुळे ६ चे ५ झाले, ५ − ४ = १. पुढे हातच्याचं काम संपलं: ७ − ३ = ४, ८ − २ = ६, ९ − १ = ८. डावीकडून वाचा: ८६४१९७५३२.

या हिशेबाचं एक सूत्र करता येतं. कोणत्याही नऊ अंकी संख्येचे अंक उतरत्या क्रमाने लावा. पहिल्या आणि शेवटच्या अंकातला फरक क, दुसऱ्या आणि शेवटून दुसऱ्यातला ख, तिसऱ्या जोडीतला ग, चौथ्या जोडीतला घ. घ शून्य नसेल तर वजाबाकीच्या उत्तराचे नऊ अंक ठरलेले आहेत:

क, ख, ग, घ−१, ९, ९−घ, ९−ग, ९−ख, १०−क

क = ८, ख = ६, ग = ४, घ = २ घाला. ८, ६, ४, १, ९, ७, ५, ३, २ मिळतील. आणि हे नऊ अंक एकमेकांपासून वेगळे, १ ते ९ एकेकदा. त्यांना पुन्हा क्रमाने लावलं की फरक पुन्हा ८, ६, ४, २ च येतात. वर्तुळ पूर्ण झालं. संख्या स्वतःवर स्थिर राहते ती यामुळे.

सूत्रातून आणखी एक गोष्ट फुकटात हाती लागते. उत्तराच्या अंकांची बेरीज केली तर क, ख, ग, घ सगळे कटतात आणि ४५ उरतात. म्हणजे घ शून्य नसेल तेव्हा, सुरुवात कुठूनही केली तरी, पहिल्याच वजाबाकीनंतर अंकांची बेरीज ४५ होते.

फक्त १ ते ९ या अंकांतूनच ती येते का?

नाही. सूत्रात मूळ अंक कुठेच नाहीत, फक्त फरक आहेत. म्हणून ज्या अंकांचे फरक ८, ६, ४, २ येतील ते सगळे तिथेच पोचतात. ० ते ८ हे अंक घेऊन बघा:

८७६५४३२१० − ०१२३४५६७८ = ८६४१९७५३२

(पुढचं शून्य सोडायचं नाही, नऊ घरं नऊच ठेवायची.) मधला अंक तर हिशेबातच येत नाही. ५ च्या जागी ६ दोनदा ठेवा: ९८७६६४३२१ − १२३४६६७८९, उत्तर तेच. काही संख्या दोन पायऱ्यांत येतात. ९८८६५४३२१ घ्या. वजाबाकी करून ८६५१९७४३२ येते, तिच्यात नऊही अंक आहेत, म्हणून पुढची पायरी ८६,४१,९७,५३२.

मग ६१७४ सारखीच, सगळ्या नऊ अंकी संख्या इथेच येतात का?

नाही, आणि हे ऐकून मुलं थोडी हिरमुसतात. मला मात्र खरी मौज इथेच वाटते. नऊ अंकांच्या जगात थांबण्याच्या जागा दोन आहेत. दुसरी जागा ५५४९९९४४५. तिची वजाबाकी करा: ९९९५५५४४४ − ४४४५५५९९९ = ५५४९९९४४५.

आणि या दोघींशिवाय चौदा संख्यांचं एक रिंगण आहे. त्यात शिरलं की माणूस फिरतच राहतो:

८६५२९६४३२ → ७६३१९७६३३ → ८४४२९६५५२ → ७६२०९८७३३ → ९६४३९५५३१ → ८६३०९८६३२ → ९६५२९६४३१ → ८७३१९७६२२ → ८६५३९५४३२ → ७५३०९८६४३ → ९५४१९७५४१ → ८८३०९८६१२ → ९७६४९४३२१ → ८७४१९७५२२ → आणि पुन्हा पहिली.

प्रत्येकीचा मधला अंक ९ आहे हे लक्षात आलं का? वरचं सूत्र ते सांगतंच. घ शून्य असला तरी मधला ९ सुटत नाही. सगळे अंक सारखे असले, जसं ७७७७७७७७७, तरच उत्तर शून्य येतं.

नव्वद कोटी संख्या तपासल्याशिवाय हे कसं सांगता?

क, ख, ग, घ यांच्यामुळे. उत्तर फक्त या चार फरकांवर ठरतं, ते ० ते ९ मधले असतात आणि प्रत्येक फरक आधीच्याहून मोठा नसतो. अशा चौकड्या एकूण ७१५. त्यातली एक म्हणजे चारही शून्य. बाकी ७१४ तपासल्या की नव्वद कोटी संख्यांचा निकाल लागला. दोनचार जणांनी वाटून घेतल्या तर पावसाळ्यातल्या चार दुपारी पुरतात. गणितात मोठं काम लहान करणं म्हणजे काय, ते दाखवायला याहून चांगलं उदाहरण माझ्याकडे नाही.

तिला ११ ने भाग जातो का?

जातो. एकाआड एक अंकांच्या बेरजा करा: ८ + ४ + ९ + ५ + २ = २८ आणि ६ + १ + ७ + ३ = १७. फरक ११, म्हणून भाग जातो. पण भागाकार करून बघाच, कारण या संख्येतली सगळ्यात देखणी गोष्ट तिथे दडली आहे:

८६४१९७५३२ ÷ ११ = ७८५६३४१२

अठ्ठ्याहत्तर, छप्पन्न, चौतीस, बारा. १ ते ८ हे अंक एकेकदा, आणि दोन-दोनच्या जोड्यांनी खाली उतरणारे. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी वहीकडे बराच वेळ बघत राहिलो होतो.

कारण पाहू. एखाद्या संख्येला ११ ने गुणायचं म्हणजे शेजारशेजारच्या अंकांची बेरीज लिहायची. ७८५६३४१२ मध्ये टोकाचे ७ आणि २ तसेच राहतात, मधल्या शेजाऱ्यांच्या बेरजा डावीकडून १५, १३, ११, ९, ७, ५, ३. सगळ्या विषम, दोन-दोनने उतरणाऱ्या. उजवीकडून लिहा: २, ३, ५, ७, ९. मग ११ चा १ आणि हातचा एक. १३ आणि हातचा १४, म्हणजे ४ आणि हातचा एक. १५ आणि हातचा १६, म्हणजे ६ आणि हातचा एक. शेवटी ७ आणि हातचा ८. झाली संख्या तयार. डावीकडचे ८, ६, ४ सम दिसतात ते निव्वळ हातच्यामुळे.

१ ते ९ च्या सगळ्या ३,६२,८८० मांडण्यांत ११ ने भाग जाणाऱ्या ३१,६८० आहेत, म्हणजे ११ ने भाग जाणं काही दुर्मिळ नाही. भागाकार इतका शिस्तीचा येणं मात्र आहे.

९ च्या पाढ्यात ती कशी वागते?

अंकांची बेरीज ४५, म्हणून ९ ने भाग जाणार हे उघड आहे. तिच्या काही पटी पाहा:

३ पट : २५९२५९२५९६
९ पट : ७७७७७७७७८८
८१ पट : ७००००००००९२

८१ पट म्हणजे सत्तर अब्ज ब्याण्णव, आणि बाकीचं सगळं त्यातून निघतं. १२३४५६७८९ ला ८१ ने गुणलं की ९९९९९९९९०९ येतात आणि ९८७६५४३२१ ला गुणलं की ८०००००००००१ येतात. म्हणजे दहा अब्जांना ९१ कमी, आणि ऐंशी अब्जांना एक जास्त. वजाबाकी केली की सत्तर अब्ज आणि ९२. ती रक्कम ९ ने भागली की साताची रांग लागते. २७ ने भागली की २५९ ची रांग लागते, कारण ७ ÷ २७ = ०.२५९२५९२५९…

ज्यांना ८१ नको त्यांच्यासाठी अजून एक वाट: ९८७६५४३२१ ही १२३४५६७८९ च्या आठपटीहून ९ ने जास्त आहे. त्यातून एक पट काढली, म्हणून आपली संख्या सातपटीहून ९ ने जास्त. ७ ने भागलं तर बाकी २ उरते तीही यावरूनच कळते.

दुप्पट केली तर?

१७२८३९५०६४. दहा अंक, ० ते ९, सगळे एकेकदा! पुन्हा दुप्पट करा, म्हणजे मूळ संख्येची चौपट: ३४५६७९०१२८. पुन्हा दहाही अंक एकेकदा. आठपट केली की ६९१३५८०२५६, इथे ५ आणि ६ दोनदा आले आणि साखळी तुटली.

यामागचं कारण मला फार आवडतं. दुप्पट करताना १ आणि ६ दोघांचाही एकक २ येतो, २ आणि ७ चा ४, ३ आणि ८ चा ६, ४ आणि ९ चा ८, ० आणि ५ चा ०. म्हणजे अंकांच्या पाच जोड्या झाल्या. उजवीकडचा शेजारी ५ किंवा मोठा असेल तर हातचा येऊन एक वाढतो. प्रत्येक जोडीत एकालाच हातचा मिळाला, तर दहा वेगळे अंक येणार. आता ०८६४१९७५३२ मध्ये तपासा. १ च्या शेजारी ९ आहे, हातचा मिळतो, ६ च्या शेजारी ४, मिळत नाही. ७ ला मिळतो, २ ला शेजारीच नाही. ८ ला मिळतो, ३ ला नाही. ९ ला मिळतो, ४ ला नाही. पुढच्या शून्याला ८ कडून मिळतो, ५ ला नाही. पाचही जोड्या बरोबर. दुपटीवर हीच कसोटी लावा, तीही उतरते. चौपटीत मात्र २ आणि ७ दोघांनाही हातचा मिळतो, म्हणून आठपट बिघडते.

तिचे मूळ अवयव कोणते?

८६४१९७५३२ = २ × २ × ३ × ३ × ३ × ११ × १८१ × ४०१९

शेवटचे दोन अंक ३२, म्हणून ४ ने भाग जातो. शेवटचे तीन ५३२, म्हणून ८ ने जात नाही. २७ साठी तीन-तीनचे गट करून मिळवा: ८६४ + १९७ + ५३२ = १५९३ = २७ × ५९. हे सगळं आणि ११ काढून टाकलं की ७,२७,४३९ उरतात. इथे धीर लागतो. एकेक मूळ संख्येने भागत जायचं, आणि बेचाळिसाव्या मूळ संख्येला, म्हणजे १८१ ला, भाग जातो. उरलेली ४०१९ मूळ आहे. ६१ पर्यंत भागून पाहिलं की खात्री होते, कारण ६४ चा वर्ग ४०९६, तो ४०१९ च्या पुढे गेला. बरीच मुलं १०० च्या पुढे कंटाळतात आणि ७,२७,४३९ मूळ आहे असं लिहून मोकळी होतात. १८१ पर्यंत जा.

एकूण विभाजक ९६.

ती पूर्ण वर्ग आहे का? परिपूर्ण आहे का?

वर्ग नाही. कोणत्याही पूर्ण वर्गाच्या शेवटी २ येत नाही, एवढं पुरे. १ ते ९ अंक एकेकदा असलेले पूर्ण वर्ग ३० आहेत, सगळ्यात लहान ११८२६ चा वर्ग १३९८५४२७६ आणि सगळ्यात मोठा ३०३८४ चा वर्ग ९२३१८७४५६.

परिपूर्णही नाही. परिपूर्ण म्हणजे स्वतःला वगळून बाकीच्या विभाजकांची बेरीज जिच्याइतकीच येते ती, जशी ६ = १ + २ + ३. स्वतःला वगळून तिच्या विभाजकांची बेरीज १,५९,४१,१२,८६८ होते, म्हणजे स्वतःहून बरीच जास्त.

ती हर्षद संख्या आहे का? काप्रेकर संख्या? स्वयंभू?

ही तिन्ही नावं काप्रेकरांच्या कामातली, म्हणून एकत्र विचारली जातात. तिन्हींचं उत्तर नाही.

अंकांच्या बेरजेने भाग गेला तर हर्षद. इथे बेरीज ४५ आणि शेवटचा अंक २, ५ ने भाग जात नाही, विषय संपला. तिच्याच अंकांच्या मांडण्यांत ५ ने संपणाऱ्या ४०,३२० आहेत, त्या मात्र सगळ्या हर्षद.

काप्रेकर संख्या म्हणजे जिच्या वर्गाचे दोन तुकडे मिळवले की तीच संख्या येते. ४५ चा वर्ग २०२५, २० + २५ = ४५. नऊ अंकी संख्येला हे जमायचं तर तिचा वर्ग वजा ती स्वतः, याला ९९९९९९९९९ ने भाग जायला हवा, म्हणजे ८१ नेही. आपल्या संख्येला २७ ने जातो, ८१ ने जात नाही. तिच्याहून एकने लहान संख्येला ३ नेही जात नाही. तेव्हा शक्यच नाही.

स्वयंभू म्हणजे जी दुसऱ्या संख्येत तिच्याच अंकांची बेरीज मिळवून तयार होत नाही. आपली होते: ८६४१९७४७८ ची अंकबेरीज ५४, आणि ८६४१९७४७८ + ५४ = ८६४१९७५३२. असा जनक तिला एकच आहे.

८६ कोटी म्हणजे किती मोठं, याचा अंदाज कसा घ्यायचा?

इतके सेकंद म्हणजे १०,००२ दिवस, ६ तास, ५२ मिनिटं आणि १२ सेकंद. सव्वासत्तावीस वर्षांहून थोडं जास्त. दिवसाचे सेकंद ८६,४०० असल्यामुळे हा आकडा दहा हजारांच्या इतका जवळ येतो. आणि तेवढे मिलिमीटर म्हणजे ८६४ किलोमीटर १९७ मीटर. शाळेच्या भूगोलात आपला कोकण किनारा ७२० किलोमीटरचा शिकवतात. तो संपून पुढे आणखी १४४ किलोमीटर जावं लागेल.

गाडीला किंवा दुकानाला ही संख्या शुभ आहे का? बेरीज ९ येते म्हणून विचारतो.

बेरीज ४५ आणि मग ९ ही सगळ्या ३,६२,८८० मांडण्यांची येते. त्यात या संख्येचं स्वतःचं काही नाही. शुभाशुभाचं उत्तर गणित देत नाही.

मोबाइल नंबर, पिनकोड यांच्यावर ही रीत चालते का?

चालते, पण अंक किती आहेत त्यावर शेवट बदलतो. तीन अंकांना ४९५, चार अंकांना ६१७४. पाच आणि सात अंकांना थांबण्याची जागाच नाही, फक्त रिंगणं. पिनकोड सहा अंकी. तिथे ५४९९४५ आणि ६३१७६४ या दोन जागा आणि सात संख्यांचं एक रिंगण. रत्नागिरीचा ४१५६१२ घेऊ: ५४१७५५, ६०९९८४, ९५१७४१, ८६०८३२, ८६२६३२, ६४२६५४, ४२०८७६, ८५१७४२, ७५०८४३, ८४०८५२ आणि पुन्हा ८६०८३२. रत्नागिरी रिंगणात अडकली. आपापल्या गावाचा पिनकोड करून पाहा. मुलं सगळ्यात जास्त रमतात ती यात.

मोबाइल नंबर दहा अंकी. तिथे स्थिर संख्या तीन: ६३३३१७६६६४, ९७५३०८६४२१ आणि ९९७५०८४२०१. शिवाय रिंगणंही आहेत.

या संख्येला जवळची अशी दुसरी कोणती?

वरच्या तिघींतली मधली, ९७५३०८६४२१. तिथे ० ते ९ दहाही अंक आहेत: ९८७६५४३२१० − ०१२३४५६७८९. जोड्यांचे फरक ९, ७, ५, ३, १. आपल्या संख्येत सम फरक, हिच्यात विषम. दहा अंकांत मधला एकटा रकाना नसतो, म्हणून सूत्र थोडं बदलतं, ते स्वतः मांडून पाहा. ११ ने हिला भाग जात नाही, तिथे ती कमी पडते. पण ९ ने गुणा, ८७७७७७७७७८९ येतात. ८१ ने गुणलं की ७९०००००००१०१. शेवटची ही १०१ कुठून आली, ते ९ च्या पाढ्याच्या प्रश्नात दिलेल्या दोन गुणाकारांवरून काढता येतं. त्यातला ऐंशी अब्ज एकचा गुणाकार आधी दहापट करून घ्यायला विसरू नका.